काचेच्या कडेवरचं मीठ

दर तीन-चार दिवसांनी मला पुढच्या खोलीतल्या माशांच्या टाकीची कड पुसावी लागते. हवेचे बुडबुडे पाण्यावर येऊन फुटतात, त्यांचे बारीक तुषार काचेच्या काठावर बसतात आणि वाळून त्यांचं मीठ होतं. आधी नुसती धुरकट रेघ दिसते. मग तिच्यात दाणे धरतात, आणि कंटाळा करून तसंच सोडलं तर ते मीठ काचेवरून खाली उतरून लोखंडी स्टँडला खायला लागतं. आज सकाळी फडकं फिरवताना थोडं बोटाला लागलं आणि जुन्या सवयीने बोट जिभेवर गेलं. बाहेर फाल्गुनातलं ऊन आताच तापू लागलेलं, खालच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट सुरू झालेली, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या या घरात, समुद्रापासून इतक्या लांब, माझ्या तोंडात समुद्राची चव. मला सासरे आठवले. ते गेले त्याला दोन वर्षं झाली.

टाकी खरं तर त्यांची नव्हे, सासूबाईंची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिच्यात चार सोनेरी मासे आणि दोन मोली होत्या. मोली म्हणजे करंगळीएवढी मासळी, मखमलीच्या कापडासारखी काळीभोर. देवापाशी दिवा लागला की सासूबाई चिमटीत दाणा घेऊन टाकीपाशी यायच्या, झाकण उघडायच्या आणि माशांशी तेलुगूत गप्पा मारायच्या. मला त्याचं हसू यायचं. मी देवगडच्या बाजूची. आमच्या घरात मासा दिसला की तो तळायचा की त्याची आमटी करायची, एवढाच काय तो प्रश्न. मासा कुणी पाहायला म्हणून घरात ठेवतं, त्याच्याशी बोलतं, तो मेला तर त्या दिवशी जेवत नाही, हे मी माहेरी सांगितलं तेव्हा माझा भाऊ पोट धरधरून हसला होता. "आणि तुम्ही बघत बसता? नुसते?" असं त्याने तीनदा विचारलं.

लग्न आमचं आम्हीच जमवलेलं. नवरा पुण्याला माझ्याबरोबर शिकायला होता. त्याच्या घरात तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी. मला पहिलं येत नव्हतं आणि दुसरं कळायला वेळ लागायचा. सासूबाईंना मी अत्ता म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. त्यांच्यात तसंच म्हणतात. अत्ता बोलक्या होत्या. मामांचं काही असलं की त्या माझ्यापर्यंत आणायच्या, माझं काही असलं की मामांपर्यंत पोचवायच्या. मामांना मराठी चांगलं येत होतं, पण बोलण्याचं खातं बायकोकडे देऊन ते मोकळे झाले होते. राग नव्हता, लोभही दिसत नव्हता. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही, सूनबाईही म्हणाले नाहीत. काही हवं असलं की खाकरायचे. त्या खाकरण्यावरून चहा हवा की पेपर, हे ओळखायला मी शिकले होते.

मामा चादरी-टॉवेलच्या एका कारखान्यात सूत रंगवणारे मास्तर होते. उभा जन्म त्यांनी रंगाच्या वाफेत काढला. नखांच्या कडेला निळा रंग असा मुरलेला, की कितीही घासा, जायचा नाही. पुढे कारखान्यात नवी यंत्रं आली, रंगाचं माप कॉम्प्युटर सांगायला लागला आणि मास्तरांना मुदतीच्या आधी घरी बसवलं. तेव्हापासून त्यांनी त्या फाटकाकडे पाहिलं नाही. सात रस्ता चौकात जायचं तर कारखान्यावरून जवळ पडायचं. पण मामा मोठा वळसा घालून जायचे. त्यांच्या या ताठ्याचं मला त्या वेळी नवल वाटायचं. माझ्या अंगातही तोच गुण आहे, हे कळायला मला पुढे एक मासळी आजारी पडावी लागली.

लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मी दोघांना माहेरी नेलं. अत्तांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. साडी पोटऱ्यांपर्यंत उचलून त्या पाण्यात शिरल्या, ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थू थू करत ओरडल्या, "अय्यो! येवडं मीठ कोन घातलं ओ ह्यात?" मामा वाळूत उभे होते, दोघांच्या चपला हातात धरून. त्यांनी येणाऱ्या लाटेकडे अगदी धंद्याच्या नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "लई झ्याक रंग बसंल बघ ह्या पान्यात." सुती धाग्यावर रंग चढायला मीठ लागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, ते चेष्टा करताहेत.

परत येताना अत्तांनी पिशवीभर शिंपले आणले, ते टाकीत ओतले आणि नवऱ्यामागे लकडा लावला. टाकीतलं पाणी खारं करा. जन्मभर पाण्यात मीठ घालत आलात, माझ्यासाठी एवढासा समुद्र करायला काय जड? मामा म्हणायचे, "बघू की." हे बघू की, बघू की पाच वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन अत्ता गेल्या.

नवरा सकाळी आठला कामावर जायचा. घरात दिवसभर मी आणि मामा. आमच्यामधला पूलच वाहून गेला होता. काय बोलायचं आणि कोणत्या भाषेत, हे दोघांनाही कळेना. त्या मुकेपणाचा पहिला बळी गेले ते सोनेरी मासे. सकाळी मी त्यांना दाणा घालायची. माझी पाठ वळली की मामाही घालायचे. संध्याकाळी दिवा लागला की अत्तांची आठवण म्हणून मी पुन्हा घालायची, आणि त्याच कारणाने मामाही. एकमेकांना विचारायची सोय नव्हती. पाणी नासलं, दोन महिन्यांत चारही मासे आणि एक मोली गेली. एकच मोली उरली. अत्तांच्या हातचं खाल्लेला घरातला तेवढाच एक जीव आता शिल्लक होता.

त्यानंतर एका सकाळी मामा खाकरले. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप घेतला नाही. टाकीकडे पाहत म्हणाले, "पानी खारं करायचं म्हनतोय."

सात रस्त्याजवळच्या माशांच्या दुकानात आम्ही दोघं रिक्षाने गेलो. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि सरळ मार्ग सांगितला. "पहले पूरा खाली करो, मास्तर. रेती बदलो, नया पानी, नया नमक, फिर महिनाभर वैसाच रखो. मच्छी मेरे पास छोड दो." मामांनी मान हलवली. "खाली न्हाय करायचं. हाय त्येच्यातच बदलायचं. ती मासळी तिची हाय." दुकानदाराने मासळी कोणती ते विचारलं. मग म्हणाला, सोनेरी मासा असता तर नाहीच जगला, पण मोली खाऱ्यातही जगते. फक्त पाणी कळत-नकळत बदललं पाहिजे. घाई केली तर गेली. त्याने समुद्री मिठाचं एक मोठं पाकीट दिलं. येताना रिक्षात मामांनी ते दोन्ही हातांनी मांडीवर धरलं होतं. दुधाची तहान ताकावर भागवायचा हा प्रकार, असं मला वाटलं.

घाई करणं मामांच्या स्वभावातच नव्हतं. सूत रंगवताना मीठ कसं घालतात, ते त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं. "मीठ येकदम न्हाय घालायचं. थोडं थोडं घालायचं. येकदम घातलं की रंग घाबरतोय, मग कुटं बी बसतोय." टाकीलाही त्यांनी तोच नियम लावला. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. नळाच्या दिवशी टाकीतलं दोन लोटे पाणी काढायचं, दोन लोटे ताज्या पाण्यात मीठ विरघळवायचं, आणि ते काचेवरून ओघळत ओघळत सोडायचं, मासळीला कळणार नाही असं. लोटा तिरका करताना त्यांचा हात जराही हलायचा नाही. मी पाहत राहायची. कारखान्यात कुणी हे पाहत असेल का, असं मनात यायचं.

पाणी किती खारं झालं ते कसं कळायचं? कारखान्यात त्यासाठी एक काचेची नळी असते, तिला ट्वाडल म्हणतात. ती पाण्यात सोडली की तरंगते, आणि कितव्या रेघेपर्यंत बुडाली त्यावरून माप कळतं. पण ती कारखान्यात, आणि कारखान्याची वाट मामांनी सोडलेली. जिभेचं म्हणावं तर रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं होतं. वर्षभर अळणी खाल्लेल्या त्यांच्या जिभेला माझ्या हातची भाकरीसुद्धा खारट लागायची. तेव्हा पहिल्या दिवशी पाणी घालून झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे वाटी धरली. "तू समुद्रावरची. चाख आनि सांग, तुमच्यासारकं झालंय का."

मी बोट बुडवून चाखलं. "अजून."

पुढच्या नळाच्या दिवशी पुन्हा वाटी. पुन्हा "अजून." असं किती वेळा झालं कोण जाणे. दिवस लांबले, होळी झाली, पाडवा गेला. आता कबूल करते. मला समुद्राची चव आठवत नव्हती. समुद्राकाठी वाढलेलं माणूस समुद्राचं पाणी कुठे चाखत बसतं? लहानपणी लाटेत उलटीपालटी होऊन नाकातोंडात गेलेलं, तेवढंच. दरवर्षी माहेरी जायची, किनाऱ्यावर फिरायची, पण ओंजळ तोंडाला लावली होती ती माझ्या सोलापूरकर सासूने. हे सांगायची मला लाज वाटली. एवढ्या वर्षांत या घरात मला जे येत होतं असं एकच काम निघालं होतं, आणि तेही मला येत नव्हतं! शिवाय आणखी एक गोष्ट होती. त्या वाटीच्या निमित्ताने मामा बोलायचे. चव झाली की स्टुलावर बसून ते रंगांच्या गोष्टी सांगायचे, लाल कसा हट्टी असतो आणि पिवळा कसा सरळ. मी "झालं, बरोबर आहे" म्हणाले असते तर ती संध्याकाळही संपली असती. म्हणून मी म्हणत राहिले, अजून.

वैशाखात मोलीने खाणं सोडलं. एका कोपऱ्यात, शिंपल्यांच्या आड, ती कल्ले भरभर हलवत तळाशी पडून राहायला लागली. तिची काळी झळाळी गेली, अंगावर पांढरट साय धरल्यासारखी दिसू लागली. मामा सकाळपासून स्टूल ओढून टाकीपुढे बसायचे. जेवायला हाक मारली तर हातानेच नको म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका बाटलीत टाकीतलं पाणी भरलं आणि भाजी आणते असं सांगून सात रस्ता गाठला.

तसलीच एक नळी दुकानदाराकडेही निघाली, ती त्याने पाण्यात सोडली. ती सरळ वरच येऊन थांबली. "भाभी, ये तो समंदर से जास्ती खारा हो गया." माझा चेहरा पाहून तो समजुतीने म्हणाला, "गरमी में पानी उडता, नमक नई उडता. वो वहींच बैठता." त्याने बिचाऱ्याने सगळा दोष उन्हावर टाकला होता. मला ते पांघरूण घेऊन घरी येता आलं असतं. रिक्षात बसल्यावर मी ते थोडं अंगावर ओढूनही पाहिलं. पण घरात शिरले आणि मामांची पाठ दिसली. गंजीफ्रॉकमधली, टाकीपुढे वाकलेली. खोटं बोलायचं तोंड राहिलं नाही.

मी बाटली खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, "मामा, पाणी समुद्रापेक्षा खारं झालंय. उन्हामुळे थोडं आणि माझ्यामुळे जास्त. मला समुद्राची चव आठवत नाही. पहिल्या दिवसापासूनच आठवत नव्हती. मी नुसतीच सांगत गेले."

ते माझ्याकडे वळले नाहीत. वाटलं, आता हे कायमचे गप्प होणार. अत्तांची शेवटची मासळी मी माझ्या तोऱ्यापायी घालवली, आणि हे माणूस मला कधी बोलूनसुद्धा दाखवणार नाही. पंपाचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते.

मग ते हळूच म्हणाले, "मला बी तिचा आवाज आटवंना झालाय." नजर टाकीवरच होती. "कवा कवा वाटतंय, आटवला आता. मग कळतंय, त्यो दुसऱ्याच कुनाचा हाय. कुनाला सांगितलो न्हाय मी." आणि स्टुलावरून उठत, गुडघ्यावर हात टेकत म्हणाले, "ऊठ अम्मा. पानी आन."

तेलुगू घरांतून लेकीबाळींना अम्मा म्हणतात. अत्ता मला तशीच हाक मारायच्या. मामांच्या तोंडून ती मी पहिल्यांदा ऐकली आणि माझ्या डोळ्यांत खळकन पाणी आलं. पण रडायला वेळ नव्हता.

गोडं पाणी हवं होतं आणि नळ यायला दोन दिवस होते. बोअरचं मचूळ पाणी टाकीत घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. स्वयंपाकघरात प्यायच्या पाण्याच्या तीन कळश्या होत्या, त्याच आम्ही पुढच्या खोलीत आणल्या. उन्हाळ्यातल्या सोलापुरात प्यायचं पाणी मासळीला घालणाऱ्या सुनेला एरवी कुणी सासऱ्याने घरात ठेवलं नसतं. मामा अर्ध्या तासाने एक लोटा खारं काढायचे आणि एक लोटा गोडं सोडायचे, तसंच काचेवरून ओघळतं. कळश्या संपल्या तेव्हा मी शेजारणीकडे गेले. तिला खरं कारण सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "माशाला पाजायला व्हय? लई शान्या हायसा की तुमी!" आणि हसत हसत एक कळशी भरून दिली. रात्री नवरा घरी आला, पाणी मागितलं, तर आम्ही दोघांनी एकाच वेळी त्याला ताकाचा पेला पुढे केला.

तिसऱ्या दिवशी मोली शिंपल्यांच्या आडून बाहेर आली. चार दिवसांनी तिने दाणा घेतला. तो कुणी घालायचा हे आता ठरलेलं होतं: सकाळी मी, संध्याकाळी मामा.

त्याच आठवड्यात मामा घडीचा शर्ट घालून कुठेतरी गेले. आले तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची नळी होती. इतक्या वर्षांनी त्या फाटकातून ते आत गेले होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने चहा पाजला आणि मास्तरांची जुनी ट्वाडल स्वतः धुऊन दिली, एवढंच त्यांनी सांगितलं. दुकानदाराने सांगितलं होतं, समुद्राचं पाणी पाचव्या रेघेवर. हळूहळू आम्ही पाचाला आणलं. पाणी किती उंच असावं त्याची खूण म्हणून मामांनी टाकीच्या काचेवर बाहेरून निळ्या रंगाची रेघ ओढली. दुकानातून जोडीला एक नर आणला, आणि पावसाळ्यात मोलीने पिल्लं दिली. नखाएवढी, काळी, जन्मापासून खाऱ्या पाण्यातली. नळी असतानासुद्धा मामा वाटी घेऊन माझ्यापुढे यायचेच. "ती सांगती ते सांगू दे. तू सांग." मी चाखायची, आणि खरं तेच सांगायची, की मला माहीत नाही.

दिवाळीत माहेरी गेले. पहिल्याच संध्याकाळी भावाला घेऊन किनाऱ्यावर गेले, साडी पोटऱ्यांपर्यंत उचलून पाण्यात शिरले आणि ओंजळ भरून तोंडाला लावली. ती चव मला नीट ओळखीची होती. रोजची होती. मी मोठ्याने म्हणाले, "अरे, हे आमच्या टाकीसारखं लागतंय." भाऊ पुन्हा पोट धरून हसायला लागला. मी तिथूनच, ओल्या हाताने, घरी फोन लावला.

"कोन? अम्मा? काय झालं?"

"मामा, समुद्र चाखला."

"मग?"

"आपल्या टाकीसारखाच लागतोय."

फोनमधून पंपाचे बुडबुडे ऐकू येत होते, म्हणजे टाकीपाशीच बसले होते. मग म्हणाले, "खरं सांगायलीस, का पुन्ना अजून म्हननार हायस?"

मी हसले आणि रडलेही. समोर अख्खा समुद्र होता, ज्याच्या काठी मी जन्मले, आणि त्याचं माप माझ्याकडे सोलापूरच्या तीन फुटी टाकीतून आलं होतं. माणूस कुठलं, हे कशावरून ठरतं, याचा मी त्या संध्याकाळी खूप विचार केला. उत्तर काही सापडलं नाही, पण पूर्वीसारखी हुरहुरही लागली नाही.

ती मोली पुढे वय होऊन गेली. आता टाकीत तिच्या नातवंडांची पिल्लं आहेत. मामा गेले तेव्हा पुष्कळांनी सुचवलं, टाकी देऊन टाक, केवढा तो व्याप. मामांचं खाकरणं मला अजून कानात ऐकू येतं, अम्मा ही हाकही. पण आठवणीच्या बाबतीत मी आता शेखी मिरवत नाही. एक दिवस तो आवाजही दुसऱ्याच कुणाचातरी वाटायला लागेल, हे मला माहीत आहे. टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं, मी रोज थोडं गोडं पाणी घालते. मीठ क्वचितच घालावं लागतं. आत आहे त्यातलं बरंचसं त्यांनी त्यांच्या हातांनी घातलेलं आहे.

कड पुसून होईतो नळाला पाणी आलं. एक लोटा भरून आणला, काचेवरून ओघळता सोडला, निळ्या रेघेला पाणी लागल्यावर थांबले. मग बोट बुडवून चाखलं, आणि कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "बास, मामा. बरोबर हाय."